बाळाची खोली, कूलर आणि आईंची शेगडी

ब्लीचिंग पावडर टाकून ठेवलेल्या संडासात मी वरून ॲसिड ओतलं आणि दोन श्वासांत घसा जळायला लागला. डोळ्यांतून पाणी, खोकला थांबेना. कशीबशी अंगणात आले, दारं-खिडक्या सताड उघड्या केल्या आणि कितीतरी वेळ कुणाला आत जाऊ दिलं नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या की क्लोरीन वायू सुटतो, हे मला वयाच्या ५८ व्या वर्षी कळलं. लेक तेव्हा पुण्यातच होती म्हणून बरं. सातव्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणाला नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी यायची होती, त्यासाठीच माझी ही सगळी धावपळ चालली होती.

घरात फिनाइलचा घमघमाट सुटला की घर स्वच्छ झालं, असं मी जन्मभर मानत आले. लेकीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, साध्या साबणाच्या पाण्यानं फरशी पुसा, कोरडी धूळ झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं टिपून घ्या. एवढंच.

मागची खोली बाळासाठी ठरली. तिच्या भिंतींना लेक शाळेत जायला लागली तेव्हाचा पिवळा ऑइलपेंट होता, खिडकीखाली त्याचे पोपडे निघाले होते. पेंटर आला आणि पॉलिश पेपर काढून कोरडंच घासायला बसला. मी त्याला थांबवलं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांच्या वर नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत, त्यातही पिवळ्या-लाल रंगांत, शिसं बरंच जास्त असू शकतं. ते घासलं की भुकटी होऊन घरभर बसतं, आणि शिसं बाळाच्या वाढत्या मेंदूला अपाय करतं. भिंत पाण्यानं भिजवून, दाराला ओली चादर लावून, पोपडे ओलेच खरवडून पिशवीत भरले. दोन दिवस जास्त लागले, मजुरीही वाढली. पण लेक येण्याआधी वीस दिवस खोली रंगवून, वास जाऊन, कोरडी ठणठणीत झाली होती.

मग आईंची ट्रंक निघाली. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८४. पणतवंडासाठी त्यांनी आपली मऊ झालेली सुती लुगडी आणि माझ्या लेकीची झबली-टोपडी जपून ठेवली होती. ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांचा भपका आला. डॉक्टरीणबाईंनी नेमकं याबद्दलच बजावलं होतं. काही बाळांत जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे घातले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. कोणत्या बाळात ही कमतरता आहे हे आधी कसं ओळखणार? हे आईंना सांगताना मला फार जड गेलं. त्यांनी गोळ्या वेचून कागदात बांधल्या आणि म्हणाल्या, "धुऊन चालतील की नाही, तेवढं सांग." नुसतं धुऊन भागत नाही, आधी वास जाईपर्यंत वाऱ्यावर टाकावे लागतात. जूनमधली उघडीप बघून आम्ही ते सगळे कपडे दिवसचे दिवस गच्चीवर पसरले, दोनदा धुतले. दुपटी आईंनी स्वतः शिवली, जाड सुईनं, चष्मा पुसत पुसत.

सगळ्यात जास्त जीव घेतला तो कूलरनं. नागपुरात कूलर पावसाळ्यात बंद होतो, पण जागचा हलत नाही. खिडकीत तसाच राहतो, तळाशी बोटभर पाणी, त्यावर पावसाची भर. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. अंडं ते डास हा प्रवास साधारण आठ-दहा दिवसांत होतो, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी उपसायचं. पण नुसतं उपसून भागत नाही, ही गोष्ट मला महापालिकेच्या मलेरिया विभागाच्या माणसानं दाखवली. कूलरच्या टाकीत बोट फिरवून तो म्हणाला, "अंडी इथं काठाले चिकटून राहतात जी, सुकली तरी मरत नाहीत. पुन्हा पाणी आलं की जिवंत." महिनोन्‌महिने ती तशी टिकतात. मी तारेच्या घासणीनं टाकी घासली, ताट्या काढून फेकल्या, यांनी कूलर खिडकीतून उतरवून पालथा घातला. अंगणातल्या विहिरीत गप्पी मासे सोडले, वर जाळी बसवली. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं टायर, दर रविवारी फेरी. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे बाळाला दुपारीही मच्छरदाणीतच ठेवायचं ठरलं. कॉइल अजिबात लावायची नाही.

आणि तिथंच धुरीचा विषय निघाला. आईंनी शेगडी घासून, कोळसा आणून ठेवला होता. ओवा, वावडिंग, लसणाची सालं.

"काय करून राहिली तू? माझी चारही लेकरं धुरीवरच वाढली नं."

त्यांचं खोटं नव्हतं. मलाही त्यांनीच धुरी दिली होती, रात्री उठून, बाराही दिवस, आणि त्या मायेचा वास मला अजून आठवतो. पण बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना रंग ना वास, आणि बाळाची इवलीशी छाती तर साधा धूरही सोसत नाही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. तपासणीला त्यांना सोबत नेलं. डॉक्टरीणबाईंनी पाऊण तास त्यांच्याशी धुरी, काजळ, मध, राईची उशी, सगळ्यावर शांतपणे बोलून घेतलं. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, डोळ्यांत काही घालायचं नाही, बाळ पाठीवर आणि टणक गादीवर निजवायचं, उशी नको. परतताना रिक्षात आई काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर शेगडी स्वतःच माळ्यावर ठेवायला सांगितली. ओवा मात्र लेकीच्या जेवणात राहिला, भाजून, तुपासोबत.

जुना लाल-हिरवा पाळणा फक्त बारशाच्या दिवशी बांधायचा ठरला. त्याच्या दांड्यांमध्ये माझी मूठ आरपार जायची, आणि ते अंतर सहा सेंटिमीटरच्या वर नको.

नात पोळ्याच्या दोन दिवस आधी झाली. दवाखान्यातून सुट्टी मिळाली ती नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला. त्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत महालात गाडी शिरणार नाही, म्हणून डॉक्टरांना विनंती करून सकाळी सातलाच निघालो. दारात आई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. ओवाळून झालं, तुकडा टाकला. मी बाळ घेऊन उंबरा ओलांडणार तोच त्यांनी हात आडवा केला. शेजारी, पायरीवर, त्यांनी पाण्याची बादली, साबण आणि धुतलेला पंचा मांडून ठेवला होता.

"दवाखान्यातून आली नं? बाळ दुसऱ्या कुणाकडं दे. आधी हात धू."