नसलेल्या देशाचा किनारा

कल्पित देशाचा नकाशा काढताना मोकळीक असते ती पहिल्या रेषेपुरती, म्हणजे किनाऱ्यापुरती. अद्भुत कादंबऱ्यांसाठी असे नकाशे काढणे हा माझा नोकरीपलीकडचा उद्योग आहे, आणि किनाऱ्याची माझी पद्धत अशी की कागदावर वरून मूठभर तूरडाळ सोडावी, ती दाट पडेल तिथे जमीन धरावी, बाजूला उडालेले दाणे बेटे मानावीत आणि साऱ्याच्या कडेने पेन्सिल फिरवावी. नुसत्या हाताने काढलेला किनारा हाताच्या सवयीने वळतो आणि एका देशातली आखाते पुढच्या देशातही दिसू लागतात. डाळीला सवय नसते. ही युक्ती काही माझी नव्हे, बरेच जण ती वापरतात. नंतर ती डाळ पुन्हा डब्यात भरावी की नाही, याबद्दल मात्र आमच्या घरात मतभेद आहेत.

किनारा झाला की बंधने सुरू होतात. डोंगर कुठेही घालता येतो, पण घातल्यावर वारा कोणत्या बाजूने येतो हे ठरवावे लागते, आणि ते ठरले की कोणत्या अंगाला जंगल आणि कोणत्या अंगाला बाजरी, हेही आपोआप ठरून जाते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला यावे तर त्याचा लहानसा हिस्साच उरलेला असतो. पर्जन्यछायेचा हा धडा पुढे राक्षसांची राजधानी वसवताना उपयोगी पडेल, असे शाळेत कधी वाटले नव्हते. नद्यांचे नियम तर आणखी कडक. नद्या एकमेकींना मिळतात, पण मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर सहसा फुटत नाहीत. एका समुद्रातून निघून दुसऱ्या समुद्राला जात नाहीत. सरोवरात कितीही नद्या येवोत, बाहेर पडणारी बहुधा एकच असते. नवख्या लेखकाच्या कच्च्या नकाशात यांतला एखादा नियम हमखास मोडलेला असतो, आणि विचारले की ‘ते जादूचे जग आहे’ हे उत्तर तयार असते. मला ते पटत नाही. नदीवर जादू झालेली असेल तर ती कथेत सांगावी. न सांगितल्यास वाचक ती चित्रकाराच्या खात्यावर मांडतो.

तरीही कबूल करायला हवे की गोदावरी कोणी कल्पनेने काढून आणली असती, तर मी ती दुरुस्तीसाठी परत पाठवली असती. त्र्यंबकेश्वरापासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरांवर, आणि तिथे उगवलेली नदी त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते! सह्याद्रीचा कडा पश्चिमेला तुटलेला आहे आणि पठार पूर्वेकडे कललेले आहे, हे कळल्यावर त्यात नवल उरत नाही. पण तो कल कागदावर दिसत नाही, आणि आमच्या देशांना भूगोलाचे पाठ्यपुस्तक जोडलेले नसते.

मुंबईत राहून हे काम करणाऱ्याला आणखी एक गोष्ट खटकत राहते. सात बेटांमधली खाजणे भरत भरत हे शहर झाले. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये शिरणारे पाणी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांध घालून अडवले गेले, आणि वारंवार ढासळणारा तो बांध समुद्रातून देवींच्या मूर्ती वर काढल्यानंतरच टिकला, अशी आख्यायिका आहे. २०२४ साली सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, तेव्हा त्याच भागातली किनाऱ्याची रेषा पुन्हा एकदा पुढे सरकलेली होती. कादंबऱ्यांतल्या देशांत असे काही घडून गेल्याची खूणच नसते. राजघराणी तीन-तीन हजार वर्षांची असतात, पण एकही बंदर गाळाने भरलेले नसते आणि नावात जे असेल ते त्या जागी हजर असते. इथे धोबी तलावाला तलाव नाही, चर्चगेटला वेस नाही, गोवालिया टँकचे तळे बुजून मैदान झाले, आणि तरी माणसे बिनचूक पोहोचतात. म्हणून मी लेखकाला न विचारता एखादे ‘जुने बंदर’ समुद्रापासून दोन कोस आत टाकून देतो. एका लेखिकेने ते खोडायला सांगण्यासाठी फोन केला आणि बोलता बोलता त्यावर एक प्रकरण लिहायचे ठरवले.

नकाशातून कथा निघणे ही तशी जुनीच गोष्ट आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८१ साली स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी सावत्र मुलाच्या सोबतीने एका बेटाचा रंगीत नकाशा काढला, आणि त्यातून ‘ट्रेझर आयलंड’ जन्माला आली. पुढे हस्तलिखितासोबत पाठवलेला तो नकाशा प्रकाशकाकडे पोहोचलाच नाही. तेव्हा स्वतःच्याच कादंबरीतले सारे उल्लेख वेचून, त्यांच्याशी जुळेल असे बेट त्याला नव्याने काढावे लागले, आणि ते त्याला कधीच आपले वाटले नाही. मजकुरामागून येणाऱ्या नकाशाचे हे दुखणे मला चांगले माहीत आहे. सातव्या प्रकरणात सैन्य एका रात्रीत राजधानी गाठते आणि विसाव्या प्रकरणात त्याच वाटेला महिना लागतो. अशा वेळी मी पालखीचा हिशेब पुढे करतो: आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि मुक्काम करत चालणाऱ्या समुदायाला त्यासाठी जवळपास तीन आठवडे लागतात. सैन्याबरोबरही तंबू, भांडी आणि बैल असतातच.

शेवटचा अंकुश कागदाचा. विष्णुपुराणातल्या मापांनी सप्तद्वीपे मांडायला मी एकदा बसलो होतो. मध्ये जंबुद्वीप, त्याभोवती त्याच्याच रुंदीचा खारा समुद्र, मग दुप्पट रुंदीचे प्लक्षद्वीप आणि तेवढाच उसाच्या रसाचा समुद्र, अशी दर द्वीपाला दुप्पट होत ही वलये मद्य, तूप, दही आणि दूध ओलांडून गोड्या पाण्यापर्यंत जातात. जंबुद्वीप एक सेंटिमीटरचे धरले तरी कागद पाच मीटरांहून रुंद लागतो, आणि मुंबईतल्या घरात एवढी मोकळी भिंत नसते. पुराणकारांना छापखान्याचा जाच नव्हता. मला डेमी आकाराची समोरासमोरची दोन पाने मिळतात, आणि त्यांतही राजधानी मधल्या शिलाईत जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

त्यावर नावे देवनागरीत लिहायची असतात. रोमन लिपीत पर्वतरांगेचे नाव एकेक अक्षर सुटे करून सबंध रांगेवर पसरता येते. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि नाव वाचताना ठेच लागते. शिवाय वेलांटी शिखरात घुसते, उकार नदीत पडतो. पर्वतापुरता मी त्यावर उपाय काढला आहे: शिरोरेषाच लांबवतो, तिला रांगेच्या वळणाने वळवतो आणि अक्षरे तिच्याखाली अंतराअंतराने टांगतो. बेटांना ही सोय नाही. अलीकडे हाती आलेल्या यादीत सर्वांत लहान बेटाचे नाव ‘ज्योत्स्नाकीर्तिद्वीप’ असे होते. ते भर समुद्रात लिहून बेटापर्यंत बाण काढावा लागला. तेव्हापासून बेटाचे नाव दोन अक्षरी असावे आणि त्यात जोडाक्षर नसावे, ही विनंती मी काम हाती घेण्याआधीच लेखकांना कळवून टाकतो.