ब्लॅक बुक आणि ती दुसरी सही

इंजिनिअरिंगची चार वर्षं कशी गेली असं कोणी विचारलं की मला एप्रिलमधले सतरा दिवस आठवतात. आठ सेमिस्टर, एम-थ्रीची केटी (म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात नापास; सगळ्यांना लागते, मलाही लागली), रात्र-रात्र जागून उतरवलेली जर्नल्स, सगळं धूसर झालंय. ते सतरा दिवस मात्र तारीखवार सांगू शकते.

चौघांचा ग्रुप. प्रोजेक्ट हाउसिंग सोसायटीचा: मेंटेनन्स, पावत्या, थकबाकी. कल्पना बाबांमुळे सुचली, ते आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे खजिनदार. जँगोमध्ये (वेबसाइट बनवायची पायथनची चौकट) जानेवारी-फेब्रुवारीत कोड लिहून झाला, चालला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बाबा अजून वहीच वापरतात.

मग आलं ब्लॅक बुक. मुंबईत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टला हेच म्हणतात: काळं हार्ड बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, आत सर्टिफिकेटचं पान आणि त्यावर पाच सह्या. गाईड, एचओडी (विभागप्रमुख), प्राचार्य, कॉलेजातले परीक्षक म्हणजे इंटर्नल आणि बाहेरून येणारे एक्स्टर्नल. गाईड मॅडमनी पाच मिनिटांत सही केली. आम्ही इतके खूश की त्याच संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या दुकानात पाचही प्रती बांधून घेतल्या. चारशे रुपये एक. हा मूर्खपणा करू नका. सर्टिफिकेटची पानं सुटी ठेवून सह्या घ्यायच्या, बांधायचं सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या, म्हणजे एचओडींच्या सहीसाठी पहिले दोन दिवस केबिनबाहेरच्या बाकावर गेले. तिसऱ्या दिवशी एचओडी सरांनी पुस्तक उघडलं आणि सिनॉप्सिस, म्हणजे सुरुवातीला दिलेला प्रोजेक्टचा आराखडा, शेजारी ठेवला. सिनॉप्सिसवर ‘सोसायटी मॅनेजमेंट सिस्टिम’, पुस्तकावर ‘वेब बेस्ड हाउसिंग सोसायटी मॅनेजमेंट सिस्टिम’.

“हे कोणाला विचारून बदललं?”

“सर, रिव्ह्यूमध्ये कमिटीनेच सांगितलं होतं.”

“लेखी आहे?”

नव्हतं. त्या कमिटीत सर स्वतः बसले होते, हे बोलायची हिंमत चौघांपैकी एकालाही झाली नाही. आता शीर्षक बदलाचा अर्ज, त्यावर गाईडची सही, मग पुन्हा सर. मॅडम नेमक्या पेपर तपासायला दुसऱ्या कॉलेजात. अर्जावर सही मिळाली आठव्या दिवशी.

नवव्या दिवशी कळलं की प्लेजरिझम रिपोर्टही जोडायचा आहे, म्हणजे किती मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी जुळतो त्याचा. मर्यादा २० टक्के, आमचे आले ३१. जुळणारा मजकूर त्यात पिवळा दिसतो. रिपोर्ट उघडला तर सर्टिफिकेटचं पान अख्खं पिवळं, डिक्लरेशन पिवळं, आभारसुद्धा पिवळे. हा मजकूर कॉलेजनेच दिलेला, शब्द बदलायचे नाहीत अशी सक्त ताकीद देऊन! सरांना सांगितलं. ते म्हणाले, “आकडा कमी करून आणा.”

पिवळ्यात आणखी एक वाक्य होतं: १९६८ साली जर्मनीत गार्मिशला झालेल्या नाटोच्या परिषदेनंतर ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव रूढ झालं. दरवर्षी प्रत्येक ग्रुपच्या प्रस्तावनेत ते असतंच. वॉटरफॉल मॉडेलचा (सॉफ्टवेअर एकेक पायरी पुरी करत बनवायची पद्धत) परिच्छेदही तसाच, सिनिअर्सच्या पुस्तकातून चालत आलेला. तो नव्याने लिहायचा म्हणून मी रात्री विन्स्टन रॉइस यांचा १९७०चा मूळ निबंध काढून वाचला. त्यात ‘वॉटरफॉल’ हा शब्दच नाही! पायऱ्यांची ती सरळ खाली उतरणारी आकृती आहे, पण तिच्याखालीच लिहिलंय की एवढ्यावर विसंबणं धोक्याचं आहे, कारण शेवटी टेस्टिंगमध्ये घोळ निघाला की थेट डिझाइनपर्यंत, नाहीतर रिक्वायरमेंटपर्यंत मागे जावं लागतं. दुसऱ्या सहीवरून सिनॉप्सिसपर्यंत मागे गेलेल्या मला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो परिच्छेद चार वर्षांत मी लिहिलेला सगळ्यात चांगला परिच्छेद आहे. तो कोणी वाचलेला नाही.

तरी आकडा २६. शेवटी लॅबमधल्या दादांनी सुटका केली. म्हणाले, संदर्भसूची आणि अवतरणं वगळायची सोय असते, ती लावलीच नाहीये तुम्ही. आणि सुरुवातीची छापील पानं सोडून फक्त चॅप्टर अपलोड करा. १४ टक्के! मी दादांना वडापाव खिलवला.

हो, एक राहिलं. फॉरमॅटचा कागद डिपार्टमेंटमधून सही-शिक्क्यासकट मागून घ्या. डाव्या बाजूला दीड इंच समास सोडा, नाहीतर बाइंडिंगमध्ये यूएमएलच्या आकृत्यांची (सॉफ्टवेअरची रचना दाखवणाऱ्या) डावी कड गडप होते. आणि रिव्ह्यूत कोणी काही बदलायला सांगितलं तर त्याच संध्याकाळी गाईडना मेल टाका, सीसीमध्ये एचओडी. एवढं केलं असतं तर माझे पाच दिवस वाचले असते.

सतराव्या दिवशी सरांनी सही केली, पुस्तक न उघडता. पाच प्रती नव्याने बांधल्या, म्हणजे आणखी दोन हजार.

ओरलला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नल सरांनी पानं अंगठ्याने फर्रकन सोडली, ईआर डायग्रामपाशी (डेटाबेसच्या आकृतीपाशी) थांबले आणि विचारलं, “थकबाकीवर व्याज किती लावता?” बाबांच्या कृपेने पाठ होतं: सोसायटीच्या तेव्हाच्या उपविधींप्रमाणे वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के, सरळ व्याज.

“सरळ? आमच्या सोसायटीत चक्रवाढ लावतात,” ते म्हणाले आणि खिसे चाचपायला लागले. पेन नव्हतं. निळ्या शाईचं एक जवळ ठेवाच.