एकच घाट, वर्षभर

आपल्या गावावर फोटोंचं काहीतरी करायचं म्हटलं की यादी आधीच तयार असते: देऊळ, वेस, बाजार, जत्रा, मावळता सूर्य. वाईचंच घ्या. ढोल्या गणपती, मेणवलीचा घाट, कृष्णेत पडलेलं कळसाचं प्रतिबिंब. फोटो झकास येतात, पण तेच फोटो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असतात. त्यापेक्षा गणपतीच्या देवळाची मागची भिंत बघा. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून ती माशाच्या आकाराची बांधली आहे. तिच्या आडोशाला सकाळी कोण टेकतं, काय वाळत घालतं, एवढ्यावर वर्ष निघेल.

तेव्हा एकच घाट धरा. महिन्यातून दोन सकाळी, म्हणजे वर्षाच्या 24 फेऱ्या. शेवटी 20 फोटो उरले तरी पुष्कळ. वेळ मात्र घड्याळावर ठरवू नका. जानेवारीत इथे सूर्य सातनंतर उगवतो, मेअखेरीस सहाच्या सुमारास. दरवेळी साडेसातला गेलात तर एका फोटोत ऊन कोवळं आणि दुसऱ्यात चटका देणारं. शेजारी ठेवले की दोघांचं पटत नाही. सूर्योदयानंतर अर्धा तास, हा हिशेब बरा.

घाटाचा दगड काळा, हे दुसरं दुखणं. कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या भागाला, सगळं जग मध्यम करडं वाटतं. काळ्या पायऱ्या दिसल्या की तो उजेड वाढवतो आणि पायरीवर आपटलं जाणारं पांढरं धोतर कोऱ्या कागदासारखं होतं. त्याची वीण, निळीचा राहिलेला डाग, सगळं गेलं. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्या; एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा. फोनवर धोतरावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढली तरी भागतं. उडालेले थेंब सुटे दिसायला शटर 1/1000 सेकंदच उघडं हवं. 1/60 ला नुसता पांढरा फराटा येतो.

पहिल्या दोन फेऱ्यांत कॅमेरा पिशवीतच राहू द्या. धुणं-आंघोळीची जागा आहे ती. पलीकडच्या काठावरून लांब लेन्सने टिपणं ही सरळ चोरी. विचारून काढा आणि पुढच्या खेपेला चार बाय सहाची प्रिंट हातात द्या. फोनवर पाठवलेला फोटो कुणी भिंतीला लावत नाही.

कृष्णामाईचा उत्सव सगळेच टिपतात. मांडव सोडतात त्या सकाळी जा.

पावसाळ्यात पायऱ्या पाण्याखाली जातात, म्हणून फेरी चुकवू नका. लांबून, वरच्या रस्त्यावरून घ्या. घरी आल्यावर ओली पिशवी तशीच बंद ठेवलीत तर लेन्सवर बुरशी धरते. आणि खिशात एक वही ठेवा: तारीख, भेटलेल्यांची नावं, पाणी वरून कितव्या पायरीला होतं.