‘स्टुडिओ ५४’चा विकिपीडिया लेख सुधारताना: माझा अनुभव

‘स्टुडिओ ५४’ या न्यूयॉर्कच्या गाजलेल्या नाइटक्लबवरचा मराठी विकिपीडियावरचा हा लेख हाती घेतला तेव्हा तो जेमतेम बारा ओळींचा होता आणि त्यातल्या दहा ओळी १९७७ ते १९८० या तीन वर्षांबद्दल होत्या. तिथे नाचायला कोण यायचं, दाराशी कोणाला अडवलं जायचं, मालकांना तुरुंगवास कसा झाला, एवढंच. न्यूयॉर्कच्या पश्चिम ५४व्या रस्त्यावरची ही २५४ क्रमांकाची इमारत १९२७ साली ऑपेरासाठी बांधली गेली आणि आजही तिथे ब्रॉडवेचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीचे, प्रयोग होतात, हे लेखातून कळतच नव्हतं. म्हणून मजकूर वाढवायच्या आधी लेखाचा विषय कोणता, क्लब की वास्तू, हे ठरवावं लागलं. मी वास्तू धरली, कारण क्लब हा तिच्या आयुष्यातला एक मुक्काम आहे. लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर तसं दोन ओळींत लिहिलं, आठवडाभर थांबलो, कोणाची हरकत आली नाही, मग पुढचं काम सुरू केलं. हे न करता थेट मोठी उलथापालथ केली तर नंतर कोणीतरी सद्भावनेनेच सगळं पूर्ववत करतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो नावांच्या तक्त्यात, आणि तो सत्कारणी लागला. धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या कच्च्या लेखनाच्या पानावर, सहा रकाने केले: कधीपासून, कधीपर्यंत, नाव, मालक किंवा चालक, वापर, संदर्भ. सहावा रकाना रिकामा असेल तर ती ओळ लेखात जाणार नाही, असा नियम ठेवला. तक्ता साधारण असा भरत गेला. ८ नोव्हेंबर १९२७ रोजी गॅलो ऑपेरा हाउस. बांधणारे फॉर्च्युन गॅलो, वास्तुरचना यूजीन डी रोझा यांची, आणि पहिला प्रयोग गॅलोंच्याच सान कार्लो ऑपेरा कंपनीचा ‘ला बोएम’. ऑपेरा चालला नाही. १९३० मध्ये न्यू यॉर्कर थिएटर. १९३३च्या अखेरीस बिली रोझ यांचं कासिनो द पारी. १९३६ मध्ये थोडा काळ पॅलेडियम म्युझिक हॉल. १९३७ मध्ये मंदीच्या काळातल्या सरकारी संगीत योजनेकडे, आणि १९३९ मध्ये पुन्हा न्यू यॉर्कर. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला सीबीएस या प्रसारण कंपनीकडे. तेव्हापासून १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ आणि दूरचित्रवाणीचा स्टुडिओ. २६ एप्रिल १९७७ रोजी स्टीव्ह रुबेल आणि इयान श्रेगर यांचा क्लब. १९८१ ते १९८६ नव्या चालकाच्या हाती तोच क्लब, १९८९ पासून रिट्झ हा संगीत कार्यक्रमांचा क्लब, १९९८ पासून पुन्हा नाटक, आणि २००३ मध्ये राउंडअबाउट थिएटर कंपनीने २ कोटी २५ लाख डॉलरला केलेली खरेदी.

तक्ता भरताना १९३३ची ओळ नीट पाहिली आणि लेखाची मांडणीच बदलली. अमेरिकेतली दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली आणि त्याच महिनाअखेरीस इथे जेवण, मद्य आणि रंगमंचावरचे कार्यक्रम एकत्र देणारा कासिनो सुरू झाला. म्हणजे ही वास्तू नाइटक्लब झाली ती डिस्कोच्या चव्वेचाळीस वर्षं आधी. ही गोष्ट प्रस्तावनेत आणली की वाचकाला १९७७ हे आकाशातून पडल्यासारखं वाटत नाही.

नावांमध्ये दुव्यांचे सापळे फार. पॅलेडियम हे या इमारतीचं १९३६चं नाव. पण रुबेल आणि श्रेगर यांनी १९८५ मध्ये चौदाव्या रस्त्यावरच्या जुन्या अॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये जो क्लब काढला त्याचंही नाव पॅलेडियमच, शिवाय लंडनचं प्रसिद्ध नाट्यगृह वेगळं. नुसता चौकटी कंसातला दुवा दिला तर तो यांपैकी कुठेही जाईल. रिट्झचं तसंच. तो क्लब इथे येण्याआधी अकराव्या रस्त्यावरच्या वेबस्टर हॉलमध्ये होता, आणि न्यूयॉर्कमध्ये रिट्झ नावाचं एक नाट्यगृहही होतं, ज्याला आज वॉल्टर कर थिएटर म्हणतात. प्रत्येक दुवा स्वतः दाबून, पोहोचलेल्या पानावरचा रस्ता क्रमांक वाचूनच मी पुढे गेलो.

‘स्टुडिओ ५४’ या नावाबद्दलही एक चूक सर्रास दिसते: सीबीएसच्या काळापासून तेच नाव होतं, असं लोक लिहितात. सीबीएसने याला स्टुडिओ ५२ म्हटलं होतं. कंपनी स्टुडिओंना ज्या क्रमाने ते घेतले त्या क्रमाने आकडे देत असे, रस्त्याशी त्याचा संबंध नव्हता. ५४ हा रस्त्याचा आकडा क्लबने घेतला.

आता संदर्भांकडे. इंटरनेट ब्रॉडवे डेटाबेस हा नाट्यगृहांसाठी पहिला थांबा, पण तो वापरताना एक गोष्ट विसरू नये: तिथे फक्त ब्रॉडवेच्या निर्मितींची नोंद असते. त्यामुळे या इमारतीच्या पानावर १९४०च्या दशकापासून १९९८ पर्यंत मोठी पोकळी दिसते. ती पाहून ‘नंतर पन्नास वर्षं नाट्यगृह बंद होतं’ असं वाक्य कुठल्यातरी लेखात जन्माला येतं आणि मग पसरतं. इमारत बंद नव्हती. तिथे आधी प्रक्षेपण आणि नंतर क्लब चालू होते.

वृत्तपत्रांसाठी विकिपीडिया लायब्ररीचा फार उपयोग झाला. खातं सहा महिने जुनं, पाचशे संपादनं, गेल्या महिन्यात किमान दहा संपादनं आणि कुठेही बंदी नाही, एवढ्यावर जेस्टोरसारखे पैसे मोजावे लागणारे संग्रह मोफत उघडतात. ज्यांना हे ठाऊक नाही असे कितीतरी मराठी सदस्य पात्र असूनही बाहेर उभे आहेत, याचं मला खरंच वाईट वाटतं. इंटरनेट आर्काइव्हवर ब्रॉडवेच्या नाट्यगृहांवरची पुस्तकं तासाभरासाठी उसनी मिळतात. पान क्रमांक तेव्हाच टिपून ठेवावा, नंतर ते पुस्तक मोकळं मिळेलच असं नाही. जालावरचा प्रत्येक दुवा वेबॅक मशीन या जालपानांच्या संग्रहात जतन करून जतन केलेला पत्ता आणि तारीख दोन्ही संदर्भात भरावीत. बातमीचं शीर्षक मूळ इंग्रजीतच ठेवावं. भाषांतर केलं तर पुढच्या माणसाला ती बातमी शोधताच येत नाही.

शहराच्या मालमत्ता नोंदींचा मोह टाळावा. त्यात ‘बांधकामाचं वर्ष’ असा रकाना असतो आणि जुन्या इमारतींच्या बाबतीत ते वर्ष अनेकदा अंदाजे भरलेलं असतं. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातली बातमी त्यापेक्षा केव्हाही भरवशाची.

दंतकथा हा या लेखातला अवघड भाग. २ मे १९७७च्या रात्री बियांका जॅगर (गायक मिक जॅगर यांच्या तेव्हाच्या पत्नी) पांढऱ्या घोड्यावर बसून क्लबमध्ये आल्या, हे वाक्य जवळजवळ प्रत्येक भाषेत सापडतं, आणि घोड्यावर बसलेल्या त्यांचं छायाचित्रही आहे. पण छायाचित्रातून त्या आत असताना घोड्यावर बसल्या एवढंच कळतं. २०१५ मध्ये त्यांनी स्वतः फायनॅन्शियल टाइम्सला पत्र लिहून सांगितलं की घोडा आधीच आत होता, आपण त्यावर बसून आलो नाही. जुन्या लेखात ‘घोड्यावरून प्रवेश केला’ असं होतं. मी ते वाक्य पुसून टाकलं नाही, कारण मग पुढचा सदस्य ते नव्याने घालणारच. प्रचलित समज कोणता, आणि संबंधित व्यक्तीने तो कधी व कुठे नाकारला, हे दोन वेगळ्या संदर्भांसह लागोपाठ दोन वाक्यांत ठेवलं. तेव्हापासून त्या जागी कोणी हात लावलेला नाही.

खटल्याचा भाग लिहिताना शब्द मोजून वापरावे लागतात. श्रेगर हयात आहेत आणि हयात व्यक्तींबद्दलचं संदर्भहीन विधान कोणीही, कधीही, चर्चेविना काढू शकतं. डिसेंबर १९७८ मध्ये करखात्याचा छापा, १९७९ मध्ये सुमारे २५ लाख डॉलर लपवल्याचा आरोप, मग करचुकवेगिरीची कबुली, जानेवारी १९८० मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा, आणि जानेवारी २०१७ मध्ये श्रेगर यांना राष्ट्राध्यक्ष ओबामांकडून माफी. आरोप, कबुली आणि शिक्षा या तीन पायऱ्या वेगळ्या आहेत. ‘२५ लाखांची चोरी सिद्ध झाली’ असं लिहिलं की आरोपातला आकडा निकालाला चिकटतो. आणि माफीचं वाक्य राहून गेलं तर लेख एकतर्फी होतो. फेब्रुवारी १९८०च्या सुरुवातीची निरोपाची पार्टी आणि क्लब प्रत्यक्ष बंद होणं यांनाही एकच तारीख देऊ नये.

नाइटक्लबचं वर्णन करताना पाहुण्यांची यादी कमी केली आणि यंत्रणा वाढवली. नाट्यगृहाचा क्लब का जमला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. रंगमंचाच्या वर पडदे, देखावे आणि दिवे खालीवर करणारी दोरखंड-वजनांची व्यवस्था आधीपासून होती. खालच्या खुर्च्या निघालेल्या होत्या, त्या जागेवर आणि रंगमंचावर नाचाची जमीन झाली. वरची बाल्कनी खुर्च्यांसकट राहिली, तिथे बसून खालचा नाच पाहता येई. ज्यूल्स फिशर आणि पॉल मारांट्झ या रंगभूमीच्या प्रकाशयोजनाकारांनी दिवे लावले. त्यामुळे एका रात्रीत देखावा अनेकदा बदलता येई. क्लबच्या सजावटीतला, नाकाशी कोकेनचा चमचा नेणारा प्रसिद्ध चंद्रही असाच वरून खाली सोडला जाई.

मराठीत लिहिताना शब्दांचे प्रश्न वेगळेच. नाट्यगृहाच्या आसनव्यवस्थेत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे तळमजल्यावरच्या खुर्च्या. तसाच शब्द ठेवला तर आपला वाचक वादकांचा ताफा समजतो. ‘म्युझिकल’ला ‘संगीत नाटक’ म्हटलं की डोळ्यांपुढे ‘सौभद्र’ उभं राहतं, म्हणून ‘म्युझिकल’च ठेवून पहिल्या उल्लेखाला अर्धं वाक्य खुलासा दिला. ‘थिएटर’साठी इमारत असेल तिथे नाट्यगृह आणि कला असेल तिथे रंगभूमी, हे सुरुवातीपासून पाळावं. यांत्रिक भाषांतर दोन्हीला रंगमंच म्हणतं आणि मग ‘कंपनीने रंगमंच विकत घेतला’ असं काहीतरी तयार होतं. आडनावं उच्चाराप्रमाणे: श्रेगर, रुबेल. इंग्रजी लेखातून काही परिच्छेद भाषांतरित केले असतील तर बदलाच्या सारांशात मूळ लेखाचा दुवा द्यायलाच हवा. परवान्याची ती अट आहे. अनुवाद साधन हे आपोआप करतं, हाताने डकवलेला मजकूर करत नाही.

१९९८ची कहाणी आकड्यांसाठी उदाहरण म्हणून सांगतो. ‘कॅबरे’ हे म्युझिकल आधी त्रेचाळिसाव्या रस्त्यावरच्या हेन्री मिलर थिएटरमध्ये चालू होतं. शेजारच्या बांधकामावर अपघात झाल्याने ते बंद ठेवावं लागलं आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रयोग स्टुडिओ ५४ मध्ये हलले. जानेवारी २००४ पर्यंत एकूण २,३७७ प्रयोग झाले. हा आकडा दोन्ही नाट्यगृहांचा मिळून आहे, पण एकट्या स्टुडिओ ५४च्या नावावर तो ठिकठिकाणी लावलेला दिसतो. आसनसंख्येचंही तेच. आजची १,००६ ही संख्या १९२७च्या ओळीत टाकणं चूक. प्रत्येक आकड्यासोबत काळ हवा. तळघरातलं ‘फिफ्टीफोर बिलो’ हे २०१२ मध्ये सुरू झालेलं ठिकाण स्वतंत्र आहे, त्याची आसनं यात मिळवू नयेत.

लेखाच्या बाजूला दिसणारी माहितीचौकट भरताना दोन गोष्टींनी अडवलं. मजकुरात देवनागरी आकडे शोभतात, पण ज्या साच्याला (माहिती ठरावीक रूपात दाखवणाऱ्या तयार तुकड्याला) आकडेमोड करायची असते तिथे ते दिले की लाल अक्षरांत त्रुटी दिसते. अक्षांश-रेखांशाचे निर्देशांक तेवढे इंग्रजी आकड्यांत द्यावेत. दुसरं म्हणजे उणे चिन्ह. भारतातल्या जागा पूर्व रेखांशावर असल्याने ते लावायची सवय आपल्याला नसते. अक्षांश ४०.७६४ आणि रेखांश उणे ७३.९८४ असं हवं. उणे राहिलं तर नकाशावरची खूण मॅनहॅटनऐवजी थेट किर्गिझस्तानात जाऊन बसते. जतन करण्यापूर्वी नकाशा उघडून बघावा.

चित्रांसाठी कॉमन्स या विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर दर्शनी भागाची छायाचित्रं आहेत आणि अमेरिकेत रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचं छायाचित्र काढून ते मुक्त परवान्याने देता येतं. क्लबच्या काळातली गर्दीची चित्रं मात्र जवळजवळ सगळी छायाचित्रकारांच्या किंवा संस्थांच्या मालकीची आहेत. ती चढवली तर काढली जातात. मी १९२७ सालच्या छापील जाहिरातींकडे वळलो. त्या वर्षी अमेरिकेत प्रकाशित झालेलं साहित्य १ जानेवारी २०२३ पासून तिथे प्रताधिकारमुक्त आहे. चढवताना वृत्तपत्राचं नाव, तारीख, पान हे सगळं वर्णनात लिहावं, नाहीतर खात्री करणारा सदस्य अडतो.

शेवटी सगळा मजकूर एकदम न टाकता सात टप्प्यांत टाकला: आधी तक्ता, मग वास्तू, मग प्रत्येक कालखंड, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्याला बदलाचा सारांश. तीन ठिकाणी संदर्भ मिळाला नाही, तिथे ‘संदर्भ हवा’ साचा लावून तीच तीन वाक्यं चर्चा पानावर उतरवली आणि पान पहाऱ्याच्या सूचीत घेतलं. त्यातल्या एकाला, सीबीएसने इमारत नेमकी कोणत्या साली घेतली या वाक्याला, अजून साचा लागलेला आहे.