तुम्ही विचारलंत म्हणून : "थोडं पॉलिटिक्स चालेल"

'सिटी हॉल' बघून संपली की कोणी ना कोणी मला मेसेज करतंच. अशीच अजून एखादी सांग ना, कोरियन, रोमकॉम, थोडं पॉलिटिक्स चालेल. मी दोन-तीन नावं पाठवते, आणि महिन्याभराने कळतं की सभागृहातले सगळे सीन पुढे ढकलत ढकलत बघितलं आणि मग "ठीक होती गं, पण राजकारण जरा जास्तच होतं". म्हणून एकदाच नीट लिहिते.

मला ते 'थोडं चालेल' टोचतं. 'सिटी हॉल'मधली शिन मी-रे म्हणजे ऑफिसात सगळ्यांना कॉफी देणारी सगळ्यात खालच्या ग्रेडची कर्मचारी, क्रेडिट कार्डाचं कर्ज फेडायला माशाच्या नावाच्या सौंदर्यस्पर्धेत उतरणारी, ती महापौर होते, आणि मालिकेचा हिरो, जो गुक नावाचा महत्त्वाकांक्षी माणूस, ज्या खुर्च्यांची स्वप्नं बघत आलाय त्या खुर्च्यांकडे तिच्यामुळे वेगळं बघायला लागतो. यातून महापौरपद काढलं तर प्रेमकथा उरतच नाही! आणि ही मालिका २००९ची. दक्षिण कोरियात देशभरातले महापौर एकाच वेळी लोकांनी निवडून द्यायला सुरुवात झाली १९९५मध्ये, म्हणजे तेव्हा जेमतेम चौदा वर्षं झालेली. असली बाई खरंच खुर्चीत बसू शकते का, हा तिथल्या प्रेक्षकांसाठी ताजा प्रश्न होता.

तर नावं. सगळ्यात आधी 'इंटू द रिंग', २०२०ची. नाना नावाची नटी आहे, आणि पार्क सुंग-हून, 'द ग्लोरी'मधल्या त्या माणसाला विसरून बघा, इथे तो फार गोड आहे. गू से-राला नोकरी टिकत नाही, वॉर्डातल्या प्रत्येक गोष्टीची तक्रार मात्र ती करत असते, आणि एक दिवस तिला कळतं की जिल्हा कौन्सिलच्या सदस्याला वर्षातले ९० दिवस काम आणि ५ कोटी वॉन पगार, म्हणून ती उभी राहते. कारण इतकं साधं आहे म्हणून मला ती खरी वाटते. बजेट, समित्या, कोण कोणाला सभागृहात बोलू देत नाही, हे सगळं आहे त्यात, आणि प्रेम त्या फायलींच्या मधूनच होतं.

'प्राइम मिनिस्टर अँड आय' विचारू नका. गोड आहे, पण तो पंतप्रधानाऐवजी बँकेचा मॅनेजर असता तरी चाललं असतं. 'द किंग टू हार्ट्स' उत्तर आणि दक्षिण कोरियातल्या लग्नाची, पहिल्या काही भागांत हसवते आणि मग रोमकॉम राहत नाही, तयारी असेल तर बघा.

आता 'ऑल अबाउट माय रोमान्स', २०१३. शिन हा-क्यून सत्ताधारी पक्षाचा खासदार, ली मिन-जंग छोट्या डाव्या पक्षाची. सुरुवातीलाच संसदेतल्या धक्काबुक्कीत तिच्यामुळे फायर एक्स्टिंग्विशर त्याच्या डोक्यात बसतं. हे उगाच सुचलेलं नव्हतं, डिसेंबर २००८मध्ये तिथल्या संसदेत अमेरिकेबरोबरच्या व्यापार कराराच्या वेळी खरोखरच विरोधकांनी समितीच्या दारावर घण घातले होते आणि फायर एक्स्टिंग्विशरचे फवारे उडाले होते. तरी मी सगळ्यांना सांगायचे की हे गोडगोड करून दाखवणं बरं नव्हे, एवढ्या कडवट भांडणाचं शेवटी चुंबनात विरघळणं म्हणजे लोकांना राजकारण खेळ वाटायला लावणं.

आणि मग ३ डिसेंबर २०२४. आपल्याकडे संध्याकाळचे सात, घरी पाहुणे, टीव्हीवर बातमी आली की कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी मार्शल लॉ लावला. दीर म्हणाले, "घ्या, वहिनींच्या सिरीयलीत नवीन एपिसोड, आता हिरो येऊन वाचवेल." सगळे हसले. ते प्रेमाने म्हणाले हे मला कळतं, पण मला बोलताच येईना, ताटं तशीच ठेवून मी आत फोन घेऊन बसले. गेट पोलिसांनी अडवलेलं, खासदार कुंपणाच्या भिंतीवरून चढून आत जात होते, सदुसष्ट वर्षांचे सभापतीसुद्धा. आत कर्मचाऱ्यांनी सोफे आणि टेबलं दाराला लावलेली, समोर बंदुका घेतलेले सैनिक, आणि ही मुलं त्यांच्यावर फायर एक्स्टिंग्विशर मारत होती. तेच. पांढरा धूर, आणि ओरडणं. साडेनऊच्या सुमारास मतदान झालं, हजर असलेल्या १९० जणांनी एकमताने मार्शल लॉ उठवायची मागणी केली. बाहेर नवऱ्याने हाक मारली, जेवतेस ना, आणि मी रडत होते, आणि का रडतेय हे त्याला सांगायला माझ्याकडे मालिकांची नावं सोडून काहीच नव्हतं.

मला माहितीये, मालिकांनी देश वाचवला वगैरे नाही. १९८७ला लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरलेली माणसं अजून जिवंत आहेत, ती त्या रात्रीही गेटवर होती, श्रेय त्यांचं. पण नंतरच्या आठवड्यांत योइदोच्या, म्हणजे संसद आहे त्या भागातल्या, थंडीत राष्ट्राध्यक्षांना हटवा म्हणत कॉन्सर्टच्या लाइटस्टिक घेऊन ज्या विशीतल्या मुली उभ्या राहिल्या, त्या शाळेत असताना घरच्या टीव्हीवर खासदार भांडता भांडता प्रेमात पडत होते. याने काही फरक पडत असेल का? जुनी मी म्हणते अजिबात नाही, राजकारण गोड केलं की माणूस सुस्त होतो. मी तिला गू से-रा दाखवते. ती म्हणते, ते आधीच जागे होते म्हणून त्यांनी अशा मालिका बनवल्या, तू उलटं धरतेस. यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण तिचंही मला पूर्ण पटत नाही.

तेव्हा 'इंटू द रिंग'पासून सुरू करा. बजेटचा सीन आला की पुढे ढकलू नका, आणि संपल्यावर मला हिरोबद्दल नाही, कौन्सिलबद्दल काय वाटलं ते सांगा.