तुम्ही विचारलंत म्हणून : पन्नीतल्या गोया

"मॅडम, एवढं शिकून बुढ्याबुढीइच्या घरी काहून फिरता? उपकेंद्रात बसा ना, येतील ते." सरपंचांनी विचारलं, एका बाळंतिणीच्या सासूनं विचारलं, लग्नात भेटलेल्या मामेबहिणीनंही विचारलं. मी आर्वी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ते येत नाहीत. उठून उभं राहिलं की ज्याला चक्कर येते, तो चिखल तुडवत येणार कसा? हे मला आमच्या आशाताईनं शिकवलं.

त्या पावसाळ्यात ती म्हणाली, "मॅडम, आबाजी महिन्यात तीनदा पडले." आम्ही दोघी गेलो. सून म्हणाली, "वय झालं ना आता त्याइचं. बुढा माणूस पडतेच." मी मान हलवून पुढच्या घरी गेले असते. ताई मात्र ओसरीतच बसली. "गोया कुठं ठेवता व?" सुनेनं खुंटीवरची पन्नी, म्हणजे गोळ्यांची प्लास्टिकची पिशवी, काढून दिली. ताईनं एकेक पाकीट जमिनीवर मांडलं, खालची बारीक अक्षरं वाचली आणि दोन पाकिटं माझ्यापुढे सरकवली. "मॅडम, वरचं नाव अलग हाय, पण आतली दवाई एकच दिसते."

बीपीची एकच गोळी, दोन गावांतल्या दोन डॉक्टरांनी दोन नावांनी दिलेली. आबाजी इमानानं रोज सकाळी दोन्ही घेत. सोबत लघवीची गोळी होती, तीही उभं राहिल्यावर बीपी उतरवू शकते. मी बाजेवर झोपवून बीपी घेतला, वरचा आकडा १३६. उभं करून तीन मिनिटांनी घेतला, १०२. वीसचा फरक पडला तरी काळजी करायची असते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना तिथूनच फोन केला, त्यांनी दोनांतली एक बंद केली. ताईनं सुनेला दाखवलं: आधी बाजेच्या काठावर बसवायचं, पाय खाली सोडायचे, जरा वेळ जाऊ द्यायचा, मग उभं करायचं. दिवाळीपर्यंत आबाजी एकदाही पडले नाहीत.

नंतर मी मार्जरी वॉरन या डॉक्टर बाईंबद्दल वाचलं, तेव्हा मला ताईच आठवली. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे १९३५ साली शेजारच्या अनाथ-गरिबांच्या दवाखान्यातले ७००हून अधिक रुग्ण आले. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले. वॉरनबाईंनी एकेकाला तपासलं, कोणाला नेमकं काय झालंय ते शोधलं, उठवलं, चालवलं. कितीतरी जण घरी गेले. वृद्धांसाठी वैद्यकाची वेगळी शाखा हवी, असं त्यांनी १९४३ साली लिहून मांडलं. 'वय झालं' हे कारण त्यांनी मान्य केलं नाही.

आशाताईंच्या तपासणी फॉर्ममध्ये साठीवरच्यांसाठी चार प्रश्न आहेत: उभं राहताना तोल जातो का, हालचालीला अडचण आहे का, जेवायला-आंघोळीला कोणाची मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का. घाईत 'नाही, नाही' अशा खुणा होतात. ताई करत नाही. ती माणसाला उभं राहायला लावते आणि बघते. २०२४पासून सत्तरीवरच्या सगळ्यांना पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड मिळतं, ते मोलाचं आहे, पण ते भरती झाल्यावर कामाला येतं. खुबा मोडायच्या आधीचं काम ओसरीत बसूनच होतं, आणि आमच्याकडे ते बायाच करतात.

आता शेजारच्या दोन गावांच्या आशाताईही आधी पन्नी मागतात. मागच्या आठवड्यात कापूस वेचाले निघालेल्या एका सुनेनं मला रस्त्यात थांबवलं. "मॅडम, सासूबाईले उठलं की चक्कर येते म्हणतात. मी पन्नी काढून ठेवली हाय. ताईले सांगजा, आज सांजेले या म्हणा."