तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या पिकअपची ताकद वाढते का?

"गाडी तीन लाख किलोमीटर पळालीय. मांजरसुंब्याच्या घाटात माल भरला की दुसऱ्या गिअरवर येते. इंजिनची ताकद वाढवून मिळेल का?" सोयाबीन-कापसाच्या हंगामात हा प्रश्न हमखास येतो.

वाढते. पण आधी गेलेली ताकद परत आणा, बहुतेक गाड्यांचं तेवढ्यातच भागतं.

गाडी जॅकवर घ्या, न्यूट्रल करा आणि चारही चाकं हाताने फिरवून बघा. ब्रेक धरत असेल तर घाटात इंजिनाचा जोर तिथेच खर्ची पडतो. टायरही बघा. 215/75 आर15 च्या जागी 235/75 घातला असेल तर व्यास 30 मिलिमीटरने वाढतो आणि चाकावरचा ओढा चारेक टक्क्यांनी घटतो.

मग हवा. आपल्याकडची फुफाट्याची धूळ इंजिन खाते. फिल्टरच्या पुढचा, इंजिनाकडे जाणारा पाइप काढा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर मातकट डाग आला तर फिल्टरची रबरी कड बसत नाहीये किंवा क्लिप सैल आहे. रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) आणि लायनर (पिस्टन ज्यात खालीवर होतो ती नळी) झिजायचं मूळ बऱ्याचदा हेच असतं. कॉम्प्रेसरची हवा बाहेरून मारून फिल्टर साफ करू नका, धूळ कागदात रुतते. टर्बोची (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची) गाडी असेल तर इंटरकूलरचे (ती हवा गार करणाऱ्या जाळीचे) होज साबणाच्या पाण्याने तपासा. चिरलेल्या होजमधून हवा निसटली की काळा धूर येतो आणि ओढ जाते. डिझेल फिल्टर बदला, त्यातलं पाणी काढा, टॅपेट (वॉल्वची फट) सेट करून घ्या. कॉमन रेल इंजिन (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या पाइपातून डिझेल देणारं) असेल तर प्रत्येक नोझलच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत जातं त्या तोंडाला, नळी लावून ती बाटलीत सोडा. सारख्या वेळात एका बाटलीत इतरांपेक्षा फार जास्त डिझेल जमलं तर तो नोझल गेला.

हे सगळं झाल्यावरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, गेज लावून बघा. इंजिन तापलेलं, बॅटरी फुल चार्ज, सगळे ग्लोप्लग (थंडीत इंजिन सुरू करायला तापणारे प्लग) काढलेले, डिझेल बंद; अशा वेळी स्टार्टर मारा. चांगल्या डिझेल इंजिनात साधारण 25 ते 30 बार येतो. आकड्याइतकाच सिलेंडरांमधला फरक महत्त्वाचा, तो तीन-चार बारच्या वर नको. एखादा सिलेंडर कमी दाखवत असेल तर त्याचा पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला, दोन्ही वॉल्व बंद असताना) आणून, गाडी गिअरमध्ये घट्ट रोखून, ग्लोप्लगच्या भोकातून हवा भरा आणि कान द्या. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा गेल्या, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व बसत नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

इथे एक कळकळीची विनंती. कॉम्प्रेशन न बघता पंपाचा स्क्रू फिरवून 'डिझेल वाढवून' घेऊ नका, स्वस्तातला रीमॅपही (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलणं) नको. जादा डिझेलला पुरेशी हवा मिळाली नाही की ते काळ्या धुराने बाहेर पडतं, सायलेन्सरकडे जाणारा वायू तापतो, पिस्टनचा माथा वितळतो, हेडला तडा जातो. मे महिन्यात पारा 42 वर असताना हे व्हायला एक लांब चढ पुरतो. त्यातून बोअरचं क्षारी पाणी भरून भरून रेडिएटरच्या नळ्या निम्म्या बुजलेल्या असतात. तो खोलून साफ करा, पुढे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं.

इंजिन धडधाकट असेल तर थोडी वाढ चालते. पण टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये तापमानाचं मीटर बसवा आणि काटा 700 अंशाच्या पुढे गेला की पाय उचला. क्लच प्लेट आधी बघा, जादा जोर तीच पहिल्यांदा सोडते. मोठं इंजिन टाकायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लक्षात ठेवा. आरसीवरची माहिती बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही, आधी आरटीओ गाठावं लागतं.

रिंगा गेल्याच असतील तर पूर्ण काम करा. झिजलेल्या लायनरात नुसत्या नव्या रिंगा टिकत नाहीत. बोअर मापून घ्या, हेडचं फेसिंग करा (तळ घासून सपाट करा). पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून त्या जाडीचं गॅस्केट मागवा. मिस्त्री हे मोजायचं टाळत असेल तर तुम्ही उभं राहून मोजून घ्या, कारण गॅस्केट जाड पडलं की कॉम्प्रेशन पुन्हा कमी. पहिले 1000 किलोमीटर अर्ध्याच मालावर काढा, एकाच स्पीडला तासन्‌तास चालवू नका, आणि मग ऑइल व ऑइल फिल्टर दोन्ही बदला.